परहस्ताचा प्रश्न : पुण्याची मंडई आणि बाजारातील धर्म

बाजार हे धर्माचरणाचे क्षेत्र होऊ शकते की धर्म हा बाजाराच्या वेशीबाहेर ठेवून आत शिरावे लागते, या प्रश्नाला भारतीय परंपरेने एकच एक उत्तर दिलेले नाही. मनुस्मृतीने उपजीविकेच्या मार्गांची वर्गवारी करताना व्यापाराला ‘सत्यानृत’, म्हणजे खरे आणि खोटे यांचे मिश्रण, असे नाव दिले आणि आपला संशय एका शब्दात नोंदवून ठेवला. उलट महाभारताने धर्माचे सर्वांत सूक्ष्म विवेचन करणाऱ्या व्यक्तींपैकी दोघांना थेट बाजारात आणून बसवले. या दोन भूमिकांमधला ताण केवळ ग्रंथांपुरता उरलेला नाही. एखादे शहर जेव्हा सार्वजनिक पैशातून भाजीबाजार उभारते, त्याला छप्पर, गाळे, भाडे आणि नियम देते, तेव्हा ते कळत-नकळत याच प्रश्नाचे एक उत्तर दगडविटांत देत असते. पुण्याच्या शुक्रवार पेठेत १८८६ साली उघडलेली आणि आज महात्मा फुले मंडई या नावाने ओळखली जाणारी वास्तू हे असे एक उत्तर आहे, आणि ज्यांचे नाव तिला मिळाले त्यांनीच ती बांधण्याला विरोध केला होता, या एका गोष्टीमुळे ते विशेष तपासण्याजोगे ठरते.

शांतिपर्वातील तुलाधार-जाजली संवाद हा या विचाराचा मूळ स्रोत मानावा लागतो. जाजली हा उग्र तप करणारा ब्राह्मण. त्याच्या जटांमध्ये पक्ष्यांनी घरटे बांधले, अंडी घातली, पिले उडून गेली तरी तो हलला नाही, आणि मग आपल्याला धर्म साधला असे तो मोठ्याने म्हणाला. त्यावर, वाराणसीतील तुलाधार नावाचा वाणी तुझ्याहून श्रेष्ठ असूनही असे बोलत नाही, अशी अदृश्य वाणी त्याच्या कानी पडली. जाजली वाराणसीला पोहोचतो तेव्हा तुलाधार आपला माल विकत बसलेला असतो. तो काय विकतो याचाही तपशील महाभारत देते: रस, सुगंधी द्रव्ये, वनस्पती, औषधी, मुळे आणि फळे. आजच्या मंडईत ज्या मालाचे ढीग लागतात त्याच जातीचा हा माल आहे, फक्त मद्य त्याने वर्ज्य केले आहे. आपल्या आचाराचे सार तो असे सांगतो की आपला तराजू सर्व भूतांसाठी सारखा आहे, आपण कोणाशी भांडत नाही, कोणाची खुशामत करीत नाही, आणि दुसऱ्याच्या हातून माल घेऊन तो कपट न करता विकतो. तपाच्या अहंकारावर तराजूच्या समतेने केलेली ही मात इतकी परिणामकारक आहे की पुढच्या वाचकांनी बहुधा एवढाच भाग लक्षात ठेवला.

संवाद मात्र येथे थांबत नाही, आणि त्याचा पुढचा भाग बाजाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. अहिंसेचे विवेचन करता करता तुलाधार शेतीकडे वळतो आणि लोक शेतीला उत्तम वृत्ती मानतात खरे, पण ती अत्यंत दारुण आहे, असा निर्वाळा देतो. कारण लोखंडी फाळाचे लाकूड जमिनीला आणि जमिनीतील जीवांना चिरडते, आणि बैलांना जुंपले, डागले, मारले जाते. येथे जाजली उसळून जो प्रतिप्रश्न करतो तो साऱ्या संवादातला सर्वांत सडेतोड आहे. शेतीतून अन्न निघते आणि हे वाण्या, तूही त्याच अन्नावर जगतोस. पशू आणि वनस्पती यांवर माणसे जगतात, त्यातूनच यज्ञ चालतो. तेव्हा तू नास्तिकासारखे बोलत आहेस, असे तो म्हणतो. तुलाधार नास्तिकपणाच्या आरोपाला सविस्तर उत्तर देतो, खरा यज्ञ कोणता आणि लोभी यज्ञ कोणता याचे सुंदर विवेचन करतो, पण ‘तूही त्यावरच जगतोस’ या वाक्याला त्याच्याकडे उत्तर नाही. प्रश्न उच्चारला जातो आणि यज्ञाच्या चर्चेत बाजूला पडतो. ज्या ‘परहस्ता’तून, म्हणजे दुसऱ्याच्या हातातून, तो निष्कपटपणे माल घेतो, त्या हाताचे काय होते, हे समतोल तराजूला दिसत नाही. तराजू मालासमोर न्याय करतो; माल पिकवणारा कोणत्या अवस्थेत तराजूपर्यंत आला हे मोजण्याची सोय त्यात नाही.

वनपर्वातील धर्मव्याधाची गोष्टही अशीच बाजारात घडते. मिथिलेच्या मांसबाजारात बसलेला हा व्याध कौशिक नावाच्या ब्राह्मणाला धर्म शिकवतो, आणि आपण स्वतः प्राणी मारीत नाही, इतरांनी मारलेल्यांचे मांस विकतो, असे स्पष्टीकरण देतो. दोन्ही कथांमध्ये विक्रेत्याची निष्पापता एका अंतरावर उभी आहे, आणि ते अंतर हिंसक कामापासूनचे आहे. नांगर दुसऱ्याचा, सुरी दुसऱ्याची, हा युक्तिवाद नीतीच्या दृष्टीने कितपत टिकतो याविषयी शंका घेता येते. परंतु महाभारताच्या रचनाकारांनी ही शंका जाजलीच्या तोंडी घालून ठेवली, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानले पाहिजे.

वजनातील खोटेपणाबाबत मात्र परंपरांमध्ये फारसा मतभेद नाही. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अचौर्यव्रताचे, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताचे, जे अतिचार किंवा भंगाचे प्रकार दिले आहेत त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’, अर्थात घेताना जास्त आणि देताना कमी मापणे, आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे भेसळ करणे, हे दोन्ही येतात. खोटे माप ही येथे केवळ लबाडी नसून चोरी आहे. बौद्ध सुत्तांतही खोटा तराजू, खोटे नाणे आणि खोटे माप यांपासून दूर राहणे हे शीलात मोजले आहे. ही व्यक्तीच्या मनोबलावर टाकलेली जबाबदारी होती. राज्यशास्त्राने तेवढ्यावर भरवसा ठेवला नाही. मनुस्मृती राजाला ठरावीक दिवसांनी भाव निश्चित करण्यास आणि वजने-मापे दर सहा महिन्यांनी तपासण्यास सांगते. कौटिल्याचे अर्थशास्त्र माप-तोलावर देखरेख करणारा पौतवाध्यक्ष आणि बाजारपेठेवर देखरेख करणारा संस्थाध्यक्ष असे वेगळे अधिकारी नेमते, आणि देशी मालावर शेकडा ५ व परदेशी मालावर शेकडा १० इतकाच नफा मान्य करते. त्याच ग्रंथात आणखी एक तरतूद आहे जी आजच्या वाचकाला चकित करील: माल जेथे पिकतो तेथेच तो विकत घेण्यास मनाई असून मळ्यातून थेट फुले, फळे किंवा भाजीपाला घेणाऱ्याला दंड सांगितला आहे. हेतू उघड आहे. माल वेशीवरून आणि बाजारातून गेला पाहिजे, म्हणजे त्यावर शुल्क, अर्थात जकात, घेता येईल. बाजारावर राज्याने धरलेले छत्र हे आरंभापासून दुहेरी आहे. त्याखाली ग्राहकाचे आणि विक्रेत्याचे संरक्षण होते, आणि त्याच छत्राच्या दांड्याला तिजोरीही बांधलेली असते.

पुणे हे शहर बाजाराच्या वारांनी वाढलेले आहे. सोमवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार, रविवार ही पेठांची नावे पेशवाईतील वस्तीविस्ताराची आणि व्यापाराची खूण आहेत, आणि पेठ वसवणे म्हणजे कारागीर व व्यापाऱ्यांना सवलती देऊन बोलावणे, त्यांच्याकडून पुढे कर मिळवणे, असाच तो व्यवहार होता. पेशवाई संपल्यानंतरच्या काळात भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या मैदानात भरत असे. ऊन, पाऊस, चिखल आणि सडका पाला यांत भरणाऱ्या या बाजाराला पक्की इमारत द्यावी असे नगरपालिकेने ठरवले, आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ‘रे मार्केट’ १८८६ मध्ये उघडले. मध्यभागी उंच अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून निघणाऱ्या, गाळ्यांनी भरलेल्या लांब पाख्या, अशी तिची गॉथिक शैलीतली रचना आहे. कोणत्याही एका पाखीत उभे राहिले तरी नजर मध्याकडे जाते आणि मध्यावर उभे राहिले की साऱ्या पाख्या दिसतात. देखरेख आणि स्वच्छता या एकोणिसाव्या शतकातील दोन आवडत्या कल्पनांना या नकाशात जागा मिळाली आहे. इमारतीच्या वरच्या भागात पुढे औद्योगिक वस्तुसंग्रहालयही होते, तेच नंतर घोले रस्त्यावर गेले. बाजाराला शिकवण्याची ही हौस त्या काळाला साजेशीच होती.

या नव्या वास्तूचे नैतिक महत्त्व तिच्या मनोऱ्यात नसून तिच्या दारांत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात कधीच न झालेल्या १९३६ च्या भाषणात पेशव्यांच्या राजधानीचा दाखला दिला आहे: पुण्यात अस्पृश्याला थुंकीसाठी गळ्यात मडके बांधून हिंडावे लागे. अशा शहरात ‘सार्वजनिक’ म्हणवणारी इमारत उभी राहणे ही साधी बाब नव्हती. अर्थात सार्वजनिक हे विशेषण लावल्याने जागा सर्वांची होत नाही. महाडचे तळे नगरपालिकेच्या ठरावाने अस्पृश्यांना खुले झाल्यानंतरही १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. बाजाराची गोष्ट पाणवठ्याहून किंचित वेगळी होती इतकेच म्हणता येईल, कारण पैसा घेताना विटाळाचा नियम सैल करण्याची युक्ती समाजाला फार पूर्वीच सापडली होती: माल वरून टाकायचा, नाणे खाली ठेवायला सांगायचे, त्यावर पाणी शिंपडायचे. देवघेव चालू राहायची आणि माणूस मात्र दूर. तुलाधाराचा तराजू सर्व भूतांसाठी सारखा असू शकतो, पण त्याच्या दुकानाच्या पायरीवर कोणी चढायचे याविषयी संवादात एक अक्षरही नाही. हा प्रश्न ग्रंथाने न सोडवता संविधानाने सोडवला. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात भेदभावाविना प्रवेशाचा हक्क सांगताना दुकानांचा उल्लेख विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्याही आधी येतो.

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईच्या इमारतीवर मोठी रक्कम खर्च करण्यास त्यांनी विरोध केला, आणि हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा अशी त्यांची भूमिका होती. विरोधाची ही त्यांची एकमेव वेळ नव्हे. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी करावयाच्या खर्चालाही त्यांनी विरोध नोंदवला होता. या भूमिकेचे तात्त्विक मूळ पाहायचे तर ऑक्टोबर १८८२ मध्ये त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेले निवेदन वाचावे लागते. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो आणि तो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, हे त्यातले मुख्य सूत्र आहे. मंडईबाबतची हरकत याच सूत्राची स्थानिक आवृत्ती होती. खर्च कोणाच्या पैशाने, आणि उपयोग कोणाला? छप्पर शहरी ग्राहकाच्या डोक्यावर येते, पण जकात भरून ते उभारणारा माणूस गाडी हाकीत खेड्यात परत जातो.

हा माणूस १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये प्रत्यक्ष भेटतो. गाडीभर माळवे घेऊन शहरात आलेल्या शेतकऱ्याचे सारे उत्पन्न कमीजास्त वजनाने घेणाऱ्या-देणाऱ्या दलालांच्या आणि म्युनिसिपालिटीच्या जकातीच्या भरीस कसे पडते, गाडीभाडेही अंगावर कसे येते आणि घरी रिकाम्या हाताने परतल्यावर काय होते, याचे जे वर्णन फुल्यांनी केले आहे ते हिशेबासारखे नेमके आहे. त्यांच्या कुटुंबाचा फुलांचा आणि भाजीचा व्यवसाय, आणि स्वतःची कंत्राटदारी, यांमुळे बाजार त्यांना दोन्ही बाजूंनी ठाऊक होता. येथे जाजलीचा प्रश्न पुन्हा विचारला गेला आहे, आणि या वेळी तो यज्ञाच्या चर्चेत हरवत नाही. तुलाधाराने शेतीला हिंसक म्हटले. फुल्यांनी शेतीवर होणारी हिंसा मोजली. या दोन विधानांमधले अंतर हे भारतीय नीतिविचारातील एक मोठे स्थित्यंतर आहे, आणि ते एखाद्या मठात किंवा विद्यापीठात न घडता नगरपालिकेच्या सभेत आणि भाजीच्या गाडीभोवती घडले याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

फुल्यांची हरकत बाजारविरोधी होती असे समजणे चूक ठरेल. त्यांचा आक्षेप क्रमाविषयी होता: ज्याला अक्षर आणि अंक येत नाही त्याच्यासाठी सुंदर इमारतीतला तराजूही परकाच राहतो, कारण काटा कुठे थांबला आणि पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर, काय लिहिले गेले हे त्याला दुसऱ्याकडूनच कळते. या दृष्टीने शाळा ही मंडईची पूर्वअट आहे. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य प्र. के. अत्रे यांनी नगरपालिकेत पुढाकार घेऊन रे मार्केटला महात्मा फुले यांचे नाव दिले, तेव्हा विरोधकाचेच नाव इमारतीला लागले. यात उपरोध पाहण्याची पद्धत आहे, पण तो वरवरचा वाटतो. हरकत घेणाऱ्याचे नाव दारावर असणे ही कोणत्याही सार्वजनिक संस्थेसाठी इष्ट अडचण आहे. शिवाय योगायोग असा की १८९४ पासून चालत आलेल्या मंडईच्या गणपतीशेजारी शारदा बसलेली आहे, म्हणजे पैसा विद्येकडे वळवा ही मागणी बाजारातल्या देवाने तरी निदान मूर्तीपुरती मान्य केली. समोर १९२४ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या हस्ते उभा राहिलेला लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. बहुजनांच्या शिक्षणाविषयी ज्यांची मते इतकी भिन्न होती ते दोघे एकाच चौकात भाजी घेणाऱ्यांच्या गर्दीवर नजर ठेवून आहेत.

वारकरी परंपरेचा विचार याच ठिकाणी केला पाहिजे, कारण महाराष्ट्रात शेत, दुकान आणि देव यांना एकत्र आणण्याचे काम तिने केले. अरणच्या सावता माळ्यांनी आपल्या मळ्यातल्या कांदा-मुळ्यात विठ्ठल पाहिला, आणि परंपरा सांगते की ते पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्या मळ्यात आला. ही भूमिका तुलाधाराच्या शेतीविषयक निर्णयाला परस्पर खोडून काढते. खुरपे हे येथे हिंसेचे हत्यार नाही, ते पूजेचे साधन आहे. पण सावतोबांच्या भाजीचे पुढे काय झाले, ती कोणत्या बाजारात कोणत्या भावाने गेली, हे अभंग सांगत नाहीत, आणि सांगण्याची त्यांची प्रतिज्ञाही नव्हती. भक्तीने श्रमाला प्रतिष्ठा दिली. मोबदल्याचा प्रश्न तिने देवावर सोडला. तुकाराम मात्र दुकानदार होते. देहूचे महाजनपद, किराणा व्यवहार आणि सावकारी त्यांच्या घरात होती, आणि १६३० च्या भीषण दुष्काळाने ते सारे मोडून पडल्यावर, चरित्रपरंपरेनुसार, त्यांनी कर्जखतांचा आपल्या वाटणीचा भाग इंद्रायणीत बुडवला व उरलेला भाऊ कान्होबाला दिला. उत्तम व्यवहाराने धन जोडावे आणि उदासपणे खर्चावे हा त्यांचा उपदेश प्रसिद्ध आहे, पण ऋणकोच्या नावाचा कागद पाण्यात सोडणे हे त्या उपदेशाच्याही पलीकडचे पाऊल होते, कारण त्यात धनकोने तराजूची आपली बाजू स्वतःहून रिकामी केली.

त्याच पुणे प्रांतात, सुपे येथे, मे १८७५ मध्ये बाजाराच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल करून रोखे आणि वह्या जाळल्या; दख्खनच्या दंग्यांचा आरंभ तो, आणि त्यानंतर १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. देहू आणि सुपे ही दोन टोके शेजारी ठेवली की धर्माच्या प्रश्नाचे राजकीय अंग उघडे पडते. कागद दोन्हीकडे नष्ट झाले. एकीकडे तो त्याग होता आणि म्हणून संतत्व, दुसरीकडे ती मागणी होती आणि म्हणून गुन्हा. देणाऱ्याच्या औदार्याची वाट पाहणारी नीती आणि घेणाऱ्याच्या हक्काची भाषा बोलणारी नीती यांतील हा फरक आहे, आणि फुले निःसंदिग्धपणे दुसऱ्या बाजूचे होते. सुप्यातले दंगे दुकानांच्या गावी आणि नेमके बाजारच्या दिवशी व्हावेत हेही अर्थपूर्ण आहे, कारण एकट्यादुकट्याने सावकाराच्या ओट्यावर उभा राहणारा कुणबी बाजारच्या दिवशीच आपल्यासारखे किती आहेत हे पाहू शकत होता.

घाऊक व्यवहाराची जुनी रीत पाहिली की परहस्ताचा प्रश्न आणखी ठोस होतो. ‘हत्ता’ पद्धतीत खरेदीदार आणि अडत्या रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवीत. ज्याचा माल होता तो शेतकरी शेजारी उभा असे आणि त्याला त्या रुमालाखाली काय चालले आहे ते कळत नसे. अडत्या म्हणजे शेतकऱ्याच्या वतीने माल विकून त्यावर अडत, अर्थात दलाली, घेणारा मध्यस्थ. या रकमेखेरीज हमाली, तोलाई, वाराई आणि मालातील कचऱ्यापोटी धरला जाणारा कडता अशी वजावट होत होत पट्टी हातात येई. यातील कोणतीही गोष्ट खोट्या वजनाच्या व्याख्येत बसत नाही. काटा अचूक असूनही माणूस नागवला जाऊ शकतो, हे जुन्या शीलग्रंथांना ठाऊक नव्हते असे नाही, पण त्यांनी दोष मापात शोधला. नाशवंतपणा हे याहून मोठे कारण आहे. धान्य ठेवता येते, मेथीची जुडी संध्याकाळी निम्म्या किमतीची होते. म्हणून भाजीवाल्या शेतकऱ्याच्या बाबतीत स्वेच्छेचा करार ही कल्पनाच दुपारनंतर पोकळ होत जाते. ज्याला थांबता येते आणि ज्याला येत नाही, अशा दोघांमध्ये ठरलेला भाव दोघांनी मान्य केला म्हणून न्याय्य ठरतो का, हा खरा तात्त्विक पेच येथे आहे.

कायद्याने यावर उघड लिलावाचा मार्ग काढला. मुंबई प्रांतातील १९३९ चा आणि त्यानंतर महाराष्ट्राचा १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा यांनी बाजार समित्या, परवाने, उघड बोली आणि ठरावीक वजावट यांची चौकट दिली. पुण्याचा घाऊक व्यापार शहराच्या पेठांमधून हळूहळू गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला आणि शुक्रवार पेठेतील मंडई किरकोळ विक्रीची जागा म्हणून उरली. मालाचे ओझे वाहणाऱ्यांचा विचार धर्मग्रंथांत नाही आणि आरंभीच्या कायद्यांतही नव्हता, डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात उभारलेल्या हमाल पंचायतीने आणि व्यापक माथाडी चळवळीने तो करायला लावला, त्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. याच हमाल पंचायतीने चालवलेल्या ‘कष्टाची भाकर’ केंद्रांत स्वस्त आणि पोटभर जेवण मिळते, आणि अन्नदानाच्या धार्मिक कल्पनेशी त्याचे नाते तपासले तर असे दिसते की येथे दाता नाहीच. खाणारा विकत घेतो आणि शिजवणारा मजुरी घेतो, तरी भुकेचा मान राखला जातो.

बाजार समितीच्या चौकटीचाही पुढे किल्ला झाला, परवान्यांची मक्तेदारी आणि अडतीची साखळी तयार झाली, आणि मळ्यातून थेट खरेदीला दंड सांगणाऱ्या कौटिल्याची आठवण व्हावी अशी स्थिती आली. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळे व भाजीपाला यांची बाजार समितीच्या आवाराबाहेर विक्री मोकळी केली आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. या बदलाचे आर्थिक परिणाम हा वेगळा विषय आहे. नीतीच्या दृष्टीने मात्र अडत कोणाच्या खिशातून जावी हा प्रश्न कायद्याच्या भाषेत विचारला गेला, हे लक्षणीय आहे, कारण विक्रेत्याच्या मनाच्या शुद्धतेला येथे मुळी हातच लावलेला नाही. अडत्या तुलाधार असो वा नसो, वजावट शेतकऱ्याच्या पट्टीतून होणार नाही, एवढीच अपेक्षा आहे. सार्वजनिक संस्थेचे मोठेपण याच मर्यादेत आहे असे म्हणावे लागते: तिला संत लागत नाहीत. आणि तिची उणीवही तीच, कारण खरेदीदाराने तीच रक्कम भावात कापून घेतली तर नियम पाळला जाऊनही हात रिकामाच राहतो, आणि ते पकडायला पुन्हा कोणाची तरी नियत लागते.

फुल्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त नियम आणि नियत या दोन टोकांना जोडण्याचा प्रयत्न दिसतो. त्यातला ईश्वर, ज्याला ते निर्मिक म्हणतात, त्याला फुले, नैवेद्य किंवा नामस्मरण यांची गरज नाही. या वस्तू माणसांच्या उपयोगासाठी आहेत, आणि माणसामाणसांतले सत्य वर्तन हाच धर्म. फुलांच्या व्यवसायावरून आडनाव पडलेल्या कुटुंबातील विचारवंताने देवाला फूल नको म्हणणे हे धाडसाचे होते. सावतोबांनी भाजीत देव पाहिला आणि फुल्यांनी देवाला भाजीतून मोकळे केले, तरी दोघांचा रोख एकच असल्याचे भासते: पिकवणाऱ्याला देवापर्यंत पोहोचण्यासाठी मध्यस्थ लागू नये. फुल्यांनी त्यापुढचा टप्पा घेतला आणि बाजारापर्यंत पोहोचण्यासाठीच्या मध्यस्थालाही त्याच न्यायाने जाब विचारला. भट आणि दलाल यांना त्यांनी एकाच लेखणीने झोडपले याला टीकाकार अतिरेक म्हणतात. वस्तुतः दोघांच्या व्यवहारात त्यांना एकच रचना दिसत होती, जिच्यात ज्ञान एका हातात आणि श्रम दुसऱ्या हातात राहतो.

मंडईचे आजचे अर्थकारण देवाला फूल नको या मताच्या फार बाहेर गेलेले आहे. गणेशोत्सव, दसरा आणि मार्गशीर्षातले गुरुवार या दिवसांत परिसरातली उलाढाल मोठ्या प्रमाणात पूजासाहित्यावर चालते: दूर्वा, आघाडा, केवडा, झेंडू, नारळ, विड्याची पाने, पाच फळे. सकाळच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणून ते नाणे कपाळाला लावणे, खंडेनवमीला तराजूची पूजा करणे, माप मोजताना पहिल्या मापाला एक न म्हणता ‘लाभ’ म्हणणे, ही सारी श्रद्धा विक्रेत्याच्या बाजूची आहे आणि तिला हसण्याचे कारण नाही. अनिश्चित धंद्यात माणूस अशाच आधाराने उभा राहतो. परंतु या विधींत पिकवणाऱ्यासाठी एकही जागा नाही, हेही तितकेच खरे आहे. किरकोळ विक्रेता आता स्वतः पहाटे गुलटेकडीहून माल आणतो, तोही कमी भांडवलाचा आणि उरलेल्या मालाच्या नुकसानीने धास्तावलेला असतो, आणि त्याच्यापुढे घासाघीस करणारा ग्राहक दोन रुपये कमी करून घेतल्याचे समाधान मानतो ते बहुधा याच गाळेवाल्याच्या अंगावर पडते. तुलाधाराच्या काळी एक असलेला परहस्त आता चार-पाच हातांची साखळी झाला आहे, आणि साखळीतला प्रत्येक जण आपल्यापुरता प्रामाणिक असू शकतो. अशा व्यवस्थेत दोष कोणाचा, हे ठरवण्याची भाषा ना अचौर्यव्रताकडे आहे ना दिवाणी कायद्याकडे. ती घडवण्याचे काम फुल्यांच्या असुडाने जिथे सोडले तिथूनच पुढे न्यावे लागणार आहे.